ना चूल, ना तवा, तरी सुगरण!

सुगरण म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे कोण येतं? आजी? मोठी मावशी? की जिच्या हातच्या भरताचा आणि कळण्याच्या भाकरीचा बोलबाला सगळ्या गल्लीत असतो, ती शेजारची काकू? आपल्या जळगाव-धुळ्याकडे सुगरणीची खरी परीक्षा मांडे करताना होते. पुरण भरलेली पोळी दोन्ही हातांवर खेळवत खेळवत पार कोपरापर्यंत पसरवायची आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या खापरावर अलगद सोडायची. मांडा अख्खा उतरला तर बाई सुगरण. फाटला तरी काही बिघडत नाही, खायला आपण आहोतच!

आता मला सांगा, ज्याच्याकडे चूल नाही, तवा नाही, खापर नाही, जो ज्वारी-बाजरीचे दाणे कच्चेच खातो आणि पिल्लांना अळ्या अन् नाकतोडे जसेच्या तसे भरवतो, त्या पक्ष्याला सुगरण का बरं म्हणायचं?

प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही. त्याच्या उत्तरासाठी आपल्याला धुळ्याला जावं लागेल, जळगावजवळच्या आसोद्याला जावं लागेल, तिथून अलिबागजवळच्या एका गावी आणि शेवटी थेट स्वीडनला. तिकीट काढायचं नाही, नुसतं वाचायचं.

आधी पक्षी तरी बघून घेऊ. हिवाळ्यात सुगरण तुमच्यासमोर तारेवर येऊन बसली, तरी तुम्ही तिला चिमणीच म्हणाल. आकार तेवढाच, तपकिरी अंग, पाठीवर गडद रेघा, जाडसर चोच. नर आणि मादी दोघंही सारखेच दिसतात. पण आखाजी सरून पावसाची चाहूल लागली की नराचा थाट सुरू होतो. त्याचं डोकं पिवळंधमक होतं, छातीवर पिवळा रंग चढतो, आणि डोळ्यांभोवती, गालांवर काळपट तपकिरी मुखवटा येतो. मादीच्या रंगात मात्र काडीचा फरक पडत नाही.

शास्त्रज्ञांच्या हिशेबात सुगरण गाणाऱ्या पक्ष्यांच्या मोठ्या गटात मोडते. बुलबुल, दयाळ हे तिचे गटबंधू. गाण्याच्या स्पर्धेत दयाळ पहिला येईल आणि सुगरणीला उत्तेजनार्थसुद्धा मिळणार नाही, ही गोष्ट वेगळी. 'चिट चिट चिट' आणि शेवटी घसा बसल्यागत लांबवलेलं 'चीऽऽऽ', एवढंच तिचं गाणं. पण एकाच बाभळीवर वीस-तीस नर पंख फडफडवत एकदम हेच गायला लागले, की रस्त्यावरून जाणारा सायकलवाला पाय टेकून थांबतो.

शब्दाचं मूळगाव

चला धुळ्याला. पांझरेकाठच्या या शहरात इतिहासाचार्य वि. का. राजवाडे संशोधन मंडळ नावाची संस्था आहे, १९२७ साली सुरू झालेली. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचा जन्म १८६३चा आणि मृत्यू १९२६चा, तोही धुळ्यातच. गावोगाव भटकून, कुणाच्या माळ्यावरून तर कुणाच्या फडताळातून जुनी कागदपत्रं गोळा करायची, हे त्यांचं काम सगळ्यांना ठाऊक असतं. पण त्यांना आणखी एक नाद होता. एखादा शब्द कानावर पडला की तो कुठून आला, त्याचे आजे-पणजे कोण, हे शोधून काढायचा. त्यांनी जमवलेल्या या मजकुराचा 'नामादिशब्दव्युत्पत्तिकोश' त्यांच्या पश्चात धुळ्याहून छापला गेला. नाव एका दमात म्हणून बघा! व्युत्पत्ती म्हणजे शब्दाचं मूळ. राजवाड्यांनी सांगितलेली कित्येक मुळं पुढच्या अभ्यासकांना पटली नाहीत आणि त्यांनी ती खोडूनही काढली. तरी शब्द भेटला की त्याला त्याचं मूळगाव विचारायचं, ही खोड मला फार आवडते. आज आपण ती 'सुगरण' या शब्दावर चालवून बघू.

सुगरण, सुगरीण, आणि खान्देशात सुगरीन. (आपल्याकडे 'पाणी'चं 'पानी' होतं, तसंच हे.) शब्दाचे दोन तुकडे पाडा. पहिला 'सु'. तो ओळखीचा आहे. सुगंध, सुविचार, सुरेख अक्षर. सु म्हणजे चांगलं. उरलं काय? 'गरीण'. आता आली पंचाईत. गरीण म्हणजे काय? असा शब्द आज कुणी बोलत नाही.

आज नाही, पण पूर्वी बोलत होते. मराठीच्या आधी आपल्या मुलखात महाराष्ट्री प्राकृत नावाची भाषा होती. सातवाहन राजा हाल याच्या नावाने ओळखला जाणारा 'गाथासप्तशती' हा ग्रंथ या भाषेत आहे. सप्तशती म्हणजे सातशे. सातशे छोट्या छोट्या कविता आणि त्यांत राजवाड्यांपेक्षा शेतं, नद्या, गुरं, घरं आणि साधी माणसं जास्त. (इथे राजवाडे म्हणजे राजांचे वाडे हं, धुळ्याचे राजवाडे नव्हेत!) त्यांतल्या एका कवितेत एक बाई स्वयंपाक करतेय. काजळीचा हात चुकून गालाला लागतो आणि गालावर काळा डाग पडतो. तिचा नवरा ते बघतो आणि त्याला हसू येतं. आता तिचं तोंड चंद्रासारखं दिसायला लागलं, डागासकट! या बाईसाठी कवितेत शब्द आलाय 'घरिणी'. संस्कृतातली 'गृहिणी' ती प्राकृतातली 'घरिणी', कारण 'गृह'चं 'घर' झालं होतं.

घरिणी, घरीण. चांगली घरीण ती सुघरीण. आणि सुघरिणीची झाली सुगरीण.

'थांबा थांबा,' तुम्ही म्हणाल, 'घ कुठे गेला?' बरोबर पकडलंत. पण मराठीला ही सवयच आहे, शब्दाच्या मधला नाहीतर शेवटचा जोरकस उच्चार हलका करून टाकायची. हिंदीत 'हाथ', आपल्याकडे 'हात'. हिंदीत 'भूख', आपल्याकडे 'भूक'. संस्कृतात किमती वस्तूला 'महार्घ' म्हणत, आपण तिला 'महाग' म्हणतो. बघा, तिथेही 'घ' जाऊन 'ग' आला. वाघाच्या वाटेला मात्र ही सवय गेली नाही. तो वाघच राहिला. वाघाला कोण छेडणार?

पुरावा अजून हवा? मग नवापूर ओलांडून गुजरातेत जा. सीमा लागूनच आहे आणि आपल्या अहिराणीत गुजरातीचे धागे ठिकठिकाणी सापडतातच. गुजराती मुलांना या पक्ष्याचं नाव विचारा. ती सांगतील, 'सुघरी'. तिथे 'घ' अजून जागच्या जागी आहे! सुघरी म्हणजे सरळ सरळ चांगल्या घराची.

आणि सगळ्यात जुना साक्षीदार तर तुम्ही लहानपणी भेटलेला आहात. पंचतंत्रातली ती गोष्ट आठवतेय? झाडाच्या फांदीला लोंबतं घर करून एक पाखरांची जोडी राहत असते. थंडीच्या दिवसांत पाऊस येतो. खाली एक माकड कुडकुडत बसलेलं असतं. पक्षीण त्याला म्हणते, अरे, देवाने तुला हातपाय दिलेत, एक घर का नाही बांधत? माकडाला येतो राग. ते सरसर वर चढतं आणि तिच्या घराच्या चिंध्या करून टाकतं. या गोष्टीच्या श्लोकात पक्षिणीला म्हटलंय 'सुगृही'. सुगृही होती ती माकडामुळे निर्गृही झाली, अशी तिथे शब्दांची कोटी आहे. म्हणजे सुगृही, सुघरी, सुगरीण. एकाच घरातल्या पिढ्या.

तर स्वयंपाकाचा आणि या पक्ष्याच्या नावाचा मुळात काही संबंधच नाही. नाव आहे घराचं. बाईमाणसाच्या बाबतीत मात्र 'चांगलं घर सांभाळणारी' हा मूळचा ऐसपैस अर्थ आक्रसत आक्रसत चुलीपाशी येऊन बसला. जुना अर्थ शाबूत ठेवला तो झाडावरच्या पाखराने. मला विचाराल तर दोघींत अस्सल सुगरण तीच.

खोपा हातात घेतला तेव्हा

आता त्या घराकडे वळू, ज्याच्यामुळे एवढं नाव झालं. आपल्याकडे त्याला खोपा म्हणतात. (बायकांच्या केसांच्या एका जुन्या अंबाड्यालाही खोपाच म्हणतात आणि शेतातल्या गवती झोपडीला खोपी.) दिवाळीनंतर गिरणेच्या काठाने फिरताना बाभळीखाली वाऱ्याने पडलेले जुने खोपे सापडतात. असा एक मी घरी आणून उजेडात नीट न्याहाळला होता. लांबून तो वाळक्या दुधी भोपळ्यासारखा दिसतो. वरचा भाग निमुळता, मध्ये फुगीर पोट, आणि एका बाजूने खाली लोंबणारी नळी. जवळून बघितलं की मग भोपळा विसरायला होतो. गवताची प्रत्येक पाती एका पातीच्या वरून, दुसरीच्या खालून, मग वळून पुन्हा आत अशी गेलेली. एक टोक सापडलं म्हणून मी ओढलं, तर सगळा खोपाच हातात ताणला गेला, पाती काही सुटेना. ना डिंक, ना दोरा. फांदीला जिथे तो बांधलेला होता तिथे तर इतके वेढे आणि गाठी होत्या की फांदी मोडली पण गाठ सुटली नव्हती.

आत बोट घातलं. नळी वर जाते आणि एका उंबऱ्यापाशी थांबते. उंबऱ्याच्या पलीकडे खोलगट खोली. अंडी त्या खोलीत. म्हणजे वाऱ्याने खोपा कितीही हेलकावला तरी अंडं घरंगळून नळीत येत नाही. आणि खालून कावळ्याला किंवा सापाला आत शिरायचं, तर त्या झुलत्या, गुळगुळीत नळीतून शिरावं लागणार.

खोलीच्या भिंतीला आतून मातीचे वाळलेले गोळे चिकटवलेले होते. या गोळ्यांवरून आपल्याकडे एक झकास समजूत आहे. सुगरण म्हणे ओल्या मातीत काजवे चिकटवते आणि रात्री घरात दिवे लावते! कल्पना इतकी सुरेख आहे की ती खरी नाही हे सांगताना मला वाईट वाटतं. काजव्यांचा उजेड सुगरणीला नको असतो, रात्री ती झोपलेली असते. मातीच्या वजनामुळे हलका खोपा वादळी वाऱ्यात फार भिरभिरत नाही, असं काही अभ्यासकांना वाटतं.

हे घर विणायला लागतात साधारण १८ दिवस. गवताची लांब पात, ज्वारी-बाजरीचं, मक्याचं, उसाचं नाहीतर शिंदीचं पान, काहीही चालतं, फक्त ते हिरवं आणि ओलं हवं. वाळलेलं वळत नाही, तुटतं. पक्षी पानाच्या कडेला चोचीने एक खाच पाडतो, तिथे पातीचं टोक पकडतो आणि भुर्रकन उडतो. उडण्याच्या झटक्यानेच लांबच लांब पट्टी फाटून त्याच्याबरोबर निघते. २० ते ६० सेंटिमीटरची एक पट्टी. एका खोप्यासाठी अशा पाचशेपर्यंत खेपा! चिमणीएवढा जीव, आणि चोच हे एकच हत्यार.

आसोद्याच्या आजी

या खोप्याने सगळ्यांत जास्त वेड लावलं ते आपल्याच जिल्ह्यातल्या एका बाईंना. जळगावजवळच्या आसोदे गावी १८८० साली बहिणाबाई जन्मल्या. शाळेचं तोंड त्यांनी पाहिलं नव्हतं, लिहिता-वाचता येत नव्हतं. लग्न होऊन जळगावच्या चौधरींच्या घरी आल्या आणि शेतात निंदताना, जात्यावर दळताना लेवा बोलीत गाणी रचत राहिल्या. त्यांचे चिरंजीव सोपानदेव हे स्वतः कवी. आईची गाणी उतरवून घेतली गेली म्हणून ती उरली. १९५१ साली बहिणाबाई गेल्या. पुढच्या वर्षी आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' हे पुस्तक आलं आणि महाराष्ट्राला आपल्यात एवढी मोठी कवयित्री होती हे कळलं. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. विद्यापीठाला अशा बाईंचं नाव, ज्यांना सही करता येत नव्हती. मला ही गोष्ट भारीच वाटते.

त्यांचं सुगरणीच्या खोप्यावरचं गाणं तुम्ही ऐकलेलं असणार. त्या गाण्यात खोपा बांधणारी आई आहे. पिल्लांसाठी ती झाडाला घर टांगते, आणि एवढीशी चोच असून ती काय करते ते बघा, असं बहिणाबाई माणसाला बजावतात. निरीक्षण असं की शेतात वाकून काम करणाऱ्यालाच सुचावं.

आणि आता मला एक बातमी फोडायची आहे. जरा घट्ट बसा.

खोपा सुगरण बांधतच नाही. सुगरणबुवा बांधतात!

होय, तो पिवळ्या डोक्याचा, मुखवटेवाला नर. खाच पाडणं, पट्टी ओढणं, गाठी मारणं, पाचशे खेपा, हे सगळं त्याचं. मादी त्या काळात काय करते? बघायला येते.

हे नीट उलगडून सांगितलं ते सलीम अलींनी, आपल्या देशाच्या सगळ्यांत मोठ्या पक्षितज्ज्ञांनी. १९३०च्या सुमारास त्यांची मुंबईतली नोकरी सुटली होती आणि ते अलिबागजवळ किहीमला राहायला गेले होते. घराजवळच सुगरणींची वसाहत होती. पावसाळाभर त्यांनी तिच्यावर नजर ठेवली आणि जे दिसलं ते १९३१ साली मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापलं.

नर आधी फांदीला गाठी मारून एक कडं विणतो. कड्यात बसून वर छप्पर घालतो. आठेक दिवसांत खोपा अर्धा होतो, खालून उघडा. पक्षिनिरीक्षक या टप्प्याला हेल्मेट म्हणतात. पूर्वी लोकांना असे अर्धवट खोपे पाहून वाटायचं की हा नराचा झोका असावा, बसून गाणी म्हणायला. तसं नाही. इथे नर काम थांबवतो आणि खोप्याला लटकून, पंख फडफडवत, जिवाच्या आकांताने गाऊ लागतो. कारण माद्या घर बघायला आलेल्या असतात. मादी खोप्यात शिरते, इकडे चोच मारते, तिकडे ओढून बघते. नाही पटलं तर सरळ उडून जाते आणि शेजारच्या नराचं काम तपासते. किती मेहनत घेतलीस, बस जरा, पाणी पी, असलं काही नाही. पटलं तर मात्र ती राहते, आणि मगच नर अंड्यांची खोली आणि खालची लांब नळी पुरी करतो. आतल्या खोलीची थोडीफार डागडुजी आणि मऊ अस्तर मादी स्वतः बघते.

कुणालाच न आवडलेला खोपा तसाच अर्धा लोंबत राहतो. वसाहतीत असे पुष्कळ दिसतात. पहिल्यांदाच विणायला बसलेल्या तरुण नरांचे खोपे तर ओळखूच येतात. वाकडे, सैल, पट्ट्या लोंबताहेत. शिकताहेत बिचारे.

आणि इकडे मादी घरात स्थिरावली, तिने दोन ते चार पांढरी अंडी घातली की सुगरणबुवा लगेच पुढची फांदी शोधतात, दुसरा खोपा विणायला घेतात आणि दुसऱ्या मादीसाठी गाऊ लागतात. अंडी उबवायची मादीने एकटीने, चौदा ते सतरा दिवस. पिल्लांना भरवायचं, तेही बहुतेक वेळा तिनेच.

इथेच मला नावाचं कोडं उलगडल्यासारखं वाटतं. नर विणतो, तेव्हा पावसाची झड असते, पेरणीची धांदल असते, वर बघायला वेळ कुणाला? पुढे निंदणीला बाया शेतात उतरतात, दिवसच्या दिवस त्याच बांधावर असतात, तेव्हा खोपे विणून झालेले असतात आणि त्यांत दिवसभर ये-जा करणारी, चोचीत अळी घेऊन येणारी जी दिसते, ती मादी. घर तिचं, बाळं तिची, राबतेही तीच. मग नाव तिच्याशिवाय कुणाचं ठेवणार? हा माझा अंदाज हं, कोशात लिहिलेला नाही. पण पंचतंत्रातसुद्धा माकडाशी बोलायला पक्षीणच पुढे येते, हे विसरू नका.

पक्ष्यांच्या नावांत अशी नर-मादीची गल्लत आपण सर्रास करतो. कोकिळा गाते, असं आपण म्हणतो. उन्हाळ्यात 'कुहू कुहू' करून झोपमोड करतो तो काळा कुळकुळीत नर, कोकीळ. कोकिळेच्या नावावर त्याचं गाणं जमा झालं आणि सुगरणीच्या नावावर तिच्या नवऱ्याचा खोपा. चिमणीला चिमणा आहे, लांडोरीला मोर आहे. सुगरणीला मात्र पुल्लिंगी शब्दच नाही. पुस्तकात 'सुगरण पक्ष्याचा नर' असं लांबलचक लिहावं लागतं. मी सुगरणबुवा म्हणून वेळ मारून नेली, पण ते काही खरं नाव नव्हे.

साहेबांचीही चुकली

आपली नावं अशी गोंधळलेली, पण शास्त्रीय नावं तरी बिनचूक असतील ना? बघू.

सुगरणीचं शास्त्रीय नाव 'प्लोसियस फिलिपिनस'. पहिला शब्द ग्रीक, त्याचा अर्थ विणकर. फ्रान्सच्या क्युव्हिए या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो या गटाला दिला. एकदम योग्य. दुसरा शब्द त्याहून जुना, स्वीडनच्या कार्ल लिनियसने १७६६ साली आपल्या मोठ्या ग्रंथाच्या बाराव्या आवृत्तीत लिहिलेला. फिलिपिनस म्हणजे फिलिपीन्स देशातला.

आता गंमत ऐका. फिलिपीन्समध्ये सुगरण नाहीच! ती भारतात आहे, पाकिस्तानात, नेपाळात, श्रीलंकेत आहे, म्यानमारपासून इंडोनेशियापर्यंत आहे. जिथे नाही, नेमकं त्याच देशाचं नाव तिला चिकटलंय. लिनियस काही इकडे हिंडायला आला नव्हता. जगभरातून युरोपात आलेले नमुने आणि दुसऱ्यांनी लिहिलेली वर्णनं यांच्यावर त्याची भिस्त होती, आणि कुठेतरी पत्ता चुकला. त्याच वर्षी, त्याच ग्रंथात तुमच्या परसातला लालबुड्या बुलबुलही असाच फसला. त्याच्या शास्त्रीय नावात 'कॅफर' आहे, म्हणजे आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडचा. हा बुलबुल तिथला नव्हेच. (आणि बुलबुल हे नाव तरी त्याचं कुठलं? फारसी कवितांमधला बुलबुल म्हणजे नाइटिंगेल नावाचा भलताच पक्षी.)

मग नाव दुरुस्त का नाही करत? कारण नियम आहे. एकदा रीतसर दिलेलं पहिलं नाव, केवळ अर्थ चुकला म्हणून बदलता येत नाही. बदलायला लागलो तर दर दहा वर्षांनी सगळी पुस्तकं पुन्हा छापावी लागतील आणि कोण कुणाबद्दल बोलतंय तेच कळणार नाही. मला हा नियम आवडतो. फिलिपिनस तर फिलिपिनस, निदान सगळ्या जगाला एकच पक्षी कळतो.

हिंदीत सुगरणीला 'बया' म्हणतात. इंग्रजांनीही तेच नाव उचललं आणि ते तिला बया विव्हर म्हणतात. नाव चांगलं जुनं आहे. अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलने सोळाव्या शतकात लिहिलेल्या 'आईन-ए-अकबरी'त बया आहे. दिसायला रानचिमणीसारखी पण पिवळी, आणि इतकी हुशार की हातातलं लहानसं नाणं चोचीत घेऊन मालकाला नेऊन देते, असं त्याने तिचं कौतुक केलंय. पुढेही कितीतरी वर्षं रस्त्यावर खेळ करणारे लोक सुगरणी पाळत आणि त्यांना असे खेळ शिकवत. आता कुठलाही रानपक्षी पिंजऱ्यात ठेवणं हा गुन्हा आहे, आणि ते बरंच झालं.

तर आता तुमचं काम. श्रावणापासून पोळ्यापर्यंतचे दिवस सगळ्यांत चांगले. शेतातली विहीर, नाला, तळं गाठा आणि पाण्यावर झुकलेली बाभूळ नाहीतर शिंदी शोधा. काटे आणि पाणी, दोन्ही असलेली जागा सुगरणबुवांना पसंत. खोपे बहुतेक वेळा झाडाच्या पूर्वेच्या अंगाला असतात, कारण पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून येतो आणि झाडच आडोसा करतं. बाहेर पडताना घरी सांगून जा, विहिरीच्या काठावर वाकू नका. खोपा तपकिरी असेल तर तो जुना. हिरवा असेल तर ताजा, त्याच्यासमोर जरा लांब बसा आणि बघा, विणणाऱ्याचं डोकं कुठल्या रंगाचं आहे. झाडावरचा खोपा काढायचा नाही, काठीने डिवचायचा नाही. खाली पडलेला मिळाला तर खुशाल घरी आणा आणि एक तरी पट्टी सोडवून दाखवा.

आणि घरी आल्यावर आजी-आजोबांना विचारा. अहिराणी, लेवा, भिलोरी, पावरी, गुजरी, तुमच्या घरात जी बोली असेल तिच्यात या पाखराला काय म्हणतात? खोप्याला काय म्हणतात? उत्तरं आमच्याकडे पाठवा, पत्ता पहिल्या पानावर आहे. नराला वेगळं नाव सापडलं तर ते सगळ्यांत वर, मोठ्या अक्षरात लिहा.